अर्ध्या पिवळ्या चोचीचा रावा

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी चिटणिसांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा त्यांची एकच अट होती. "मास्टरजी, गमतीदार लिहा. तुमचे फ्रॉक सगळ्यांना माहीत आहेत, ते होतात कसे ते माहीत नाही." झाशीत आम्ही मराठी माणसं मूठभर. थोडी जुनी घराणी, बाकी छावणीतली नि बबीनाची फौजी कुटुंबं. अंक निघतो तेव्हा तो शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो, कारण लिहिणारा प्रत्येक जण कुणाचा तरी शेजारी असतो. मी चार पानं गमतीदार लिहिली. पाचव्या पानावर हात अडला. ती चार पानं बाजूला ठेवून हे लिहितो आहे. त्यातलं थोडं आधी सांगतो, कारण ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

माझं दुकान सदर बाजारात, मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की तिसरं. पाटीवर 'लेडीज टेलर' असं आहे आणि पोटापाण्याचं काम तेच, ब्लाउज, सलवार-कुर्ते, फॉल-पिको. पण नाव झालं ते लहान मुलींच्या फ्रॉकमुळे. हे फ्रॉक मी नव्या कापडाचे कधी शिवले नाहीत. एकाला सात खिसे, सातही वेगवेगळ्या पँटींचे. एकाचा घेर अकरा शर्टांच्या कॉलरींचा, झिजलेली बाजू आत नि चांगली बाहेर. एकाची डावी बाही चौकडीची, उजवी फुलांची, बटणं सगळी वेगळी आणि पाठीवर छत्रीच्या कापडाचं कासव. मोठी माणसं बघून म्हणतात, हे काय विदूषकाचं! मुली काही म्हणत नाहीत. त्या फ्रॉक घालून गोल फिरतात आणि मग काढायला तयार होत नाहीत. मला एवढी परीक्षा पुरत असे.

चिंध्या जोडणं सोपं वाटतं, पण तसं नाही. प्रत्येक कापडाला उभा धागा असतो आणि आडवा. आडवा थोडा ताणतो, उभा ताणत नाही. दहा कापडांचे दहा तुकडे जोडायचे तर दहांचेही उभे धागे एका दिशेला आणावे लागतात, नाहीतर पहिल्या धुण्यातच फ्रॉक एका खांद्यावर लोंबायला लागतो. जाडाला पातळ जोडायचं तर पातळाखाली अस्तर हवं, नाहीतर जाड कापड त्याला ओढून फाडतं. पण जुन्या कापडाचा एक मोठा गुण आहे. नवं कापड शिंप्याला फसवतं, धुतलं की आटतं, रंग सोडतं. जुनं कापड आटायचं तेवढं आटून, रंग सोडायचा तेवढा सोडून बसलेलं असतं. त्याच्याकडून आता काही लपवाछपवी होत नाही.

हे जुनं कापड मला रामकली आणून द्यायची. तिकडे महाराष्ट्रात जिला बोहारीण म्हणतात, तिला इथे बर्तनवाली म्हणतात. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, खांद्याला जुन्या कपड्यांचं गाठोडं. गल्लोगल्ली फिरून झालं की ती माझ्या पायरीवर येऊन बसायची आणि गाठोडं सोडायची. "मास्टरजी, जा पतलून देखो. तुमाए काम की है, जेबें ई जेबें हैं." 'जा' म्हणजे इथल्या बुंदेलीत 'ही'. मी मुलींचे फ्रॉक शिवतो हे ठाऊक असूनही प्रत्येक पँट ती आधी मला कमरेला लावून बघायला सांगायची आणि स्वतःच हसायची.

गिऱ्हाइकंही नमुनेदार. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नऊ टाय घेऊन आले. नातीला फ्रॉक हवा होता. टाय टेबलावर आपटून म्हणाले, "पूरी नौकरी इन्होंने मेरा गला पकड़ के रखा, मास्टरजी. अब ज़रा इन्हें नचवाइए." मी टायांचा घेर केला. कमरेपाशी अरुंद, खाली रुंद, टायचा मूळ आकारच त्या कामाचा. नात गिरकी घ्यायची तेव्हा टाय हवेत उठायचे. आजोबा दुकानात उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांनी टाय मोजले नाहीत. मोजले असते तर आठच भरले असते. नववा, निळ्यावर बारीक नांगर असलेला, मला फार आवडला होता.

इथून पुढे चिटणिसांना नको असलेला भाग सुरू होतो.

ब्लाउजला ऐंशी सेंटिमीटर कापड पुरतं. आम्ही सांगतो, एक मीटर आणा. कधी ते खरंही असतं, काठ जुळवायचे असतात, कापड आटणारं असतं. बहुतेक वेळा नसतं. वरचं कापड टेबलाखालच्या पोत्यात जातं. गिऱ्हाईक विचारत नाही. विचारलंच तर मूठभर चिंध्या पिशवीत घालून दिल्या की त्याचं समाधान होतं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की कैचीखाली जे पडलं ते कारागिराचं. मी ते मानलं. नंतर कैची कुठून चालवली म्हणजे काय खाली पडेल, याचा विचार करायला लागलो.

माझे फ्रॉक बघून लोक म्हणायचे, वा, टाकाऊतून काय केलंय! एका शाळेने मला बोलावून मुलांपुढे उभं केलं. काहीही वाया घालवू नका, असं मी त्यांना सांगितलं. पण माझ्या फ्रॉकांत रामकलीच्या गाठोड्यातलं कापड निम्मंच असायचं. बाकीचं टेबलाखालच्या पोत्यातलं, आणि ते टाकाऊ नव्हतं. कुणाच्या तरी लग्नाच्या शालूचा तो वरचा वीतभर तुकडा होता. सगळ्यात सुंदर तुकडे तेच असत. रामकलीने एकदा मला ते पोतं उपसताना पाहिलं. म्हणाली, "हम कपड़ा लेत हैं तो कटोरा देत हैं. तुम का देत हो?" मी हसण्यावारी नेलं. तीही हसली, पण टोपली उचलताना.

आता कमळाकाकूंचं. त्यांच्याच सांगण्यावरून नाव बदललं आहे, तरी झाशीतल्या मराठी माणसाला त्या कोण हे ओळखायला वेळ लागणार नाही.

काकू लक्ष्मी गेटजवळ राहतात. वय ऐंशीच्या पुढे. माझी आई आणि त्या मैत्रिणी होत्या, त्यामुळे सगळ्या बाजाराचा मी मास्टरजी असलो तरी त्यांचा दिगूच. घरातली नातवंडं हिंदीत बोलतात, काकू मराठीतच उत्तर देतात, आणि तीही अशा मराठीत की पुण्याहून आलेले पाहुणे शब्दांचे अर्थ विचारतात. साडीला त्या लुगडं म्हणतात, पोपटाला रावा.

गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर त्या ऑटोने दुकानात आल्या. त्यांची नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. काकूंनी उपरण्यात बांधलेलं एक कापड माझ्या टेबलावर ठेवलं.

"दिगू, हे माझ्या आईचं लुगडं. चंदेरी आहे. बाकीचं घडीवर चिरलं, पदराकडचं हे चार हात तेवढं धड उरलंय. यातनं बाळाची कुंची कर आणि दोन झबली."

"काकू, झबल्यांना जर टोचेल. आतून मऊ सुती लावतो."

"ते तुला कळतं. बाळाला पहिलं कापड जुनंच घालायचं असतं, म्हणून आणलं. आणि उरेल तो तुकडा न् तुकडा परत दे. दुपट्याला लावीन."

"हो काकू."

"हो म्हणतोस खरा. शिंपी सगळे हो म्हणतात." त्या हसल्या. मीही हसलो.

त्या गेल्यावर मी कापड उलगडलं. मोतिया रंग, बारीक जरीच्या बुट्ट्या, डाळिंबी काठ. आणि पदराच्या टोकापासून हातभर अंतरावर, तळव्याएवढा, हिरव्या रेशमाने काढलेला एक रावा. नीट पाहिल्यावर कळलं की ते रफू आहे. खाली कापड जळलेलं होतं. भोक झाकायला कुणीतरी त्यावर रावा काढला होता. टाके वेडेवाकडे, शेपटी नको तितकी लांब, कारण जळकी रेघ तिथवर गेलेली. चोच लाल होती, पण लाल धागा मध्येच संपला असावा, म्हणून खालचं अर्धं पिवळं. त्या दोन रंगांमुळे असं वाटायचं की रावा तोंड उघडून हसतो आहे. तीस वर्षांत मी पुष्कळ भरतकाम पाहिलं, पण हसणारं रफू पहिल्यांदा पाहिलं.

त्या क्षणी मी काकूंना विसरलो. मला फ्रॉक दिसला.

कुंचीचे बेतायचे कागद मी रावा वगळून कापडावर मांडले. जळका भाग बाळाच्या कुंचीत कुठलाच शिंपी घेणार नाही. इथवर माझी चूक नव्हती. कुंची आणि झबली बेतून झाल्यावर उरलेले सगळे तुकडे, अगदी बोटभर पट्ट्यासुद्धा, मी काकूंच्या पिशवीत भरले. रावा भरला नाही. जळका तुकडा म्हातारीला काय करायचाय, असं मी मनाशी म्हटलं. 'म्हातारी' असंच म्हटलं. एरवी मी त्यांना मनातही काकूच म्हणतो.

रावा मी एका फ्रॉकचा खिसा केला. फ्रॉक हळदी रंगाचा, रामकलीच्या गाठोड्यातल्या पडद्याचा, एका बाजूला हिरव्या पट्ट्यांची झालर. खिशावर नुसता तो रावा. मी आजवर केलेला सगळ्यात सुरेख फ्रॉक तो होता, आणि हे लिहितानाही मला तसंच वाटतं याची लाज वाटते.

दसऱ्याआधी छावणीत फौजी कुटुंबांसाठी छोटंसं प्रदर्शन भरतं. तिथे तो फ्रॉक पहिल्या तासातच गेला. घेणाऱ्या सुनीता वहिनी, साताऱ्याकडच्या, नवरा बबीनाला हवालदार. मुलगी अनू, सहा वर्षांची. संध्याकाळी वहिनींनी माझ्या फोनवर फोटो पाठवला. अनू फ्रॉक घालून दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी, आणि खाली मजकूर, "भाऊ, लई आवडला. काढंचना."

चार दिवसांनी बाळ झालं. बारशाच्या दोन दिवस आधी मी कुंची आणि झबली घेऊन काकूंकडे गेलो. त्या पलंगावर बसल्या होत्या. कुंची त्यांनी हातावर उभी धरली, फिरवून बघितली, चुण्यांवरून बोट फिरवलं. "हात चांगला आहे हो तुझा," म्हणाल्या. मग पिशवीतले तुकडे एकेक काढून पलंगपोसावर मांडायला लागल्या. मोठे एका बाजूला, पट्ट्या एका बाजूला. पिशवी रिकामी झाल्यावर त्यांनी ती उलटी करून झटकली.

"दिगू, रावा कुठाय?"

"कुठला रावा, काकू?"

मी हे म्हणालो. विचार करून म्हणालो असंही नाही, तोंडातून आलंच. त्यांनी हाताने आकार दाखवला. "अरे, हिरवा. पदराशी. लुगडं उघडलं की दिसतोच की, म्हणून मुद्दाम सांगितलं नाही."

आता पहिलं खोटं सांभाळायला दुसरं लागलं. "अच्छा, तो. तो भाग फार विरला होता, काकू. कैची लावताच चुरा झाला. मी झाडून टाकला."

काकूंनी रिकामी पिशवी घडी करून बाजूला ठेवली.

"मी अनूएवढी असेन," असं त्या म्हणाल्या नाहीत, त्यांना अनू माहीत नव्हती. त्या म्हणाल्या, "मी सहा वर्षांची होते. दिवाळीला आईने हे लुगडं पहिल्यांदा नेसलं होतं. ती रांगोळी काढत बसलेली, मी मागून पेटती फुलबाजी घेऊन गेले. पदर जळला. वडील तापट. आईने सगळ्यांना सांगितलं, समईची ज्योत लागली. माझं नाव घेतलं नाही. मग तिने त्यावर रावा काढला. तिला भरतकाम येत नव्हतं रे. चोचीला लाल धागा पुरला नाही. मला म्हणाली, हा सगळं बघतो, पण सांगत नाही."

मला वाटतं, मी काहीतरी पुटपुटलो असेन. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"असू दे बाळा. एवढं तोंड कशाला उतरवतोस? जुनंच होतं ते, तुझ्या हातून मुद्दाम का झालं?" आणि सुनेला हाक मारून त्यांनी बाळंतिणीच्या डब्यातला डिंकाचा लाडू माझ्या हातावर ठेवायला लावला.

तो लाडू मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी सुनीता वहिनींना फोन केला. फ्रॉक परत मागायचा तर खरं सांगावं लागलं असतं, म्हणून तिसरं खोटं. "वहिनी, त्या फ्रॉकच्या खिशाचे टाके सैल राहिलेत. दुरुस्त करून देतो."

"अवो भाऊ, एवढ्यासाठी कशाला येताय? चांगला तर हाय."

"नाही, माझं काम आहे, मला बरं वाटणार नाही." हे वाक्य तेवढं खरं होतं.

स्कूटरवरून बबीना पंचवीसेक किलोमीटर. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीशी वहिनी आणि अनू आल्या. फ्रॉक धुऊन, घडी करून पिशवीत. अनूने पिशवी माझ्या हातात देण्याआधी फ्रॉकच्या खिशात हात घालून एक चिंचोका आणि खडूचा तुकडा काढून घेतला.

"अंकल, पोपटाला दुखेल का?"

"नाही गं."

"मग परत कब दोगे?"

"परवा."

"पक्का?"

"पक्का."

दुकानात येऊन मी खिसा उसवला. रावा बाजूला ठेवला आणि मशीनवर नवा पोपट भरला. नमुना म्हणून दाखवण्यासारखा, सगळे टाके एका रांगेत, शेपटी बेताची, चोच पूर्ण लाल. नवाही तसाच करायला हवा होता, वेडावाकडा, अर्ध्या पिवळ्या चोचीचा. मी आधी तसा प्रयत्न केला होता. वेडेवाकडे टाके मुद्दाम घालायला गेलं की ते मुद्दाम घातलेलेच दिसतात.

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी मी फ्रॉक परत दिला. अनूने तो हातात घेऊन खिसा डोळ्यांजवळ नेला.

"ये वो नहीं है."

"अगं त्योच हाय," वहिनी म्हणाल्या. "अंकलनी नीट केला."

"नाही. तो हसत होता."

"भाऊ, मनावर घेऊ नका. लई बोलते ही." वहिनींचा चेहरा ओशाळला होता. मी अनूकडे बघून हसलो. समजूतदार मोठा माणूस लहान मुलाच्या हट्टाला हसतो तसं. तिने फ्रॉक आईच्या हातात दिला. चिंचोका आणि खडू तिच्या मुठीतच राहिले. थंडीत त्या कुटुंबाची बदली झाली, दूर पूर्वेकडे कुठे तरी.

रावा माझ्याकडे परत आला होता. आता तो काकूंना नेऊन द्यायचा, एवढंच उरलं होतं. पण ज्याचा चुरा झाला म्हणून सांगितलं तो अख्खा कसा नेऊन देणार? बारसं झालं. काकूंनी तेव्हाही मला बोलावून पेढे दिले. संक्रांत झाली. होळी झाली. रावा माझ्या बटणांच्या डब्यात पडून होता. बटण काढायला डबा उघडला की तो वर यायचा, म्हणून मी बटणं दुसऱ्या डब्यात हलवली. मधल्या काळात काकू आपल्या ओळखीच्या बायकांना माझ्याकडे पाठवत होत्या. त्या बायका येऊन सांगायच्या, काकू म्हणाल्या दिगूकडेच द्या, सच्चा माणूस आहे. मी त्यांचं माप घ्यायचो आणि एक मीटर आणा म्हणायला तोंड उघडायचो.

फ्रॉक मी त्यानंतर दोनच केले. कापड हातात घेतलं की हे कुणाचं, असा प्रश्न येई, आणि पोत्यातल्या बहुतेक तुकड्यांबद्दल मला उत्तर येत नव्हतं.

मग चिटणिसांचा निरोप आला, गमतीदार लिहा. चौथ्या पानाच्या शेवटी मी कमळाकाकूंच्या कुंचीबद्दल लिहायला लागलो होतो, एका आजींनी मला आईचं लुगडं विश्वासाने दिलं, वगैरे. तेव्हा आठवलं की काकूंना हल्ली वाचता येत नाही, डोळे गेले आहेत, पण अंक आला की सून त्यांना तो पहिल्यापासून वाचून दाखवते. म्हणजे हे काकू ऐकणार होत्या. मी पेन खाली ठेवलं.

गेल्या महिन्यात दुपारी दुकान बंद करून मी लक्ष्मी गेटला गेलो. काकू त्याच पलंगावर होत्या. मी रावा त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं. डोकं, पोट, मग शेपटी. शेपटीवरून बोट शेवटपर्यंत गेलं आणि थांबलं.

"हा कुठनं आला?"

मी सांगितलं. आधी फ्रॉक, मग बबीना, मग अनू, मग डबा. सांगता सांगता खुर्ची ओढून बसायला गेलो.

"बसू नकोस. उभा राहा."

मी उभा राहिलो. वय वर्षं त्रेपन्न. आतल्या दारात सून येऊन थांबली होती, तिला काकूंनी हातानेच आत जायला सांगितलं. मग बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"घेतलास, ते एक. आवडला असेल. मलाही दुसऱ्याच्या परड्यातली फुलं आवडायची. पण मी त्या दिवशी तुझी समजूत काढली, दिगू. असू दे बाळा म्हटलं. आणि तू ते ऐकून घेतलंस."

त्यांनी रावा मांडीवर ठेवला.

"त्या पोरीला सांगितलंस?"

"नाही."

"लाव फोन."

मला वाटत होतं, नंबर बदलला असेल. बदलला नव्हता. काकूंना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा ठेवून मी सुनीता वहिनींना सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी घरी जाऊन मी तिला मारलं होतं. खोटं बोलतीस, देणाऱ्याच्या तोंडावर नाव ठेवतीस म्हणून." मग, "ती इसरली असंल आता."

"नहीं भूली!" मागून आवाज आला. "मम्मी, मैंने बोला था ना! मैंने बोला था!"

मी कितीतरी जणींचं वीत-वीत कापड घेतलं. त्या कुणालाच कळलं नाही, म्हणून त्यांचं नुकसान मला कधी दिसलंच नाही. हे मात्र दिसलं. माझ्या नीट भरलेल्या पोपटापायी एका पोरीने खरं बोलून मार खाल्ला होता.

काकूंनी हात पुढे करून फोन मागितला. "अनू, मी आजी बोलते. तो रावा माझ्या आईने काढलेला आहे. तू बरोबर ओळखलास."

"आजी, तो अजून हसतो?"

"मला दिसत नाही गं. हाताला तरी तसाच लागतो."

फोन ठेवल्यावर त्यांनी सुनेला ट्रंकेतली कुंची काढायला लावली. बाळ आता वर्षाचं होत आलं होतं, भिंत धरून उभं राहत होतं. कुंचीत त्याचं डोकं मावलं नसतं. पुढच्या बाळासाठी ती निगुतीने घडी करून ठेवली होती.

"याच्यावर लाव. इथे, माझ्यासमोर. मशीन नको."

मी पलंगाशेजारी खाली बसलो. या वेळी त्यांनी बसू दिलं. सुनेने सुई-दोरा आणि कैची दिली. मी सुईत दोरा ओवला. रावा कुंचीच्या टोपीवर मागच्या बाजूला ठेवला, उभा धागा उभ्याला लावून, कडा आत दुमडून, बारीक टाक्यांनी बसवला. खिशासाठी मी त्याच्या कडेला ठेवलेलं जास्तीचं कापड आता नको होतं, ते छाटलं. झाल्यावर मी कुंची त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अंगठ्याने चारही कडा तपासल्या, जशी एखादी गिऱ्हाईक बाई तपासते.

"ठीक आहे," म्हणाल्या. चांगला हात आहे असं या वेळी म्हणाल्या नाहीत. "आणि लिहायचं तर सगळं लिही. लाडवाचंही."

मी उठलो. उठता उठता फरशीवर पडलेली मोतिया कापडाची ती चिमटीभर पट्टी आणि दोन धागे माझ्या हाताने गोळा केले, आणि हात शर्टाच्या खिशाकडे निघाला. मी निघायला सांगितलं नव्हतं. तीस वर्षं तो तसाच जातो आहे.

काकूंना दिसत नाही. पण छाटताना कैचीचा आवाज त्यांना ऐकू आला होता.

"ते दे इकडे, दिगू."

त्यांनी तळवा पुढे केला. मी मूठ उघडली.